इतिहासातले नाच छंद म्हणून शिकायचे: सोलापुरात कोण कोण येणार?

सुईदोरा
प्रश्न जरा विचित्र वाटेल, पण विचारूनच टाकते.

मागच्या वर्षी लेकीकडे ब्रिस्टलला तीन महिने होतो. दर गुरुवारी संध्याकाळी ती 'नाचायला' म्हणून जायची. मला वाटलं झुंबा असेल. एकदा आम्हा दोघांनाही घेऊन गेली. चर्चच्या मागे आपल्या समाजमंदिरासारखा हॉल, कडेला लाकडी खुर्च्या, कोपऱ्यात चहाचं सामान. चाळीसेक माणसं, त्यातल्या निम्म्यांचे केस पांढरे. एक बाई व्हायोलिन वाजवत होत्या आणि एक गृहस्थ दोन्ही हातांत मावेल एवढी पेटी. आणि ही मंडळी नाचत होती ते नाच १६५१ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तकातले! जॉन प्लेफोर्ड नावाच्या प्रकाशकानं तेव्हा १०५ नाच छापले, प्रत्येकाची चाल आणि कृती देऊन. (मी लगेच हिशेब केला. शिवाजी महाराज तेव्हा एकवीस वर्षांचे होते.)

पावलं म्हणाल तर नुसतं तालात चालणं. समोरासमोर दोन रांगा, जोडीसमोर जोडी. एक फेरी झाली की तुम्ही एक घर खाली सरकता आणि पुढची जोडी समोर येते. पुढं काय करायचं ते एक जण मोठ्यानं सांगत असतो. चुकलात तर शेजारचा खांद्याला धरून वळवतो. प्रेक्षक नाहीतच. जो बसलाय तो दमलाय, एवढंच.

आमचे हे सगळ्यांचे कोट सांभाळायला म्हणून खुर्चीवर बसलेले. चौतीस वर्षांच्या संसारात गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा हा माणूस जागचा हललेला नाही. तिसऱ्या नाचाला एका आजींनी त्यांना हात धरून उठवलं. त्या आजी ह्यांची जोडी, मी लेकीबरोबर. मी रांगेच्या एका टोकाला, हे दुसऱ्या. सात जोड्या ओलांडून समोरासमोर आलो तेव्हा हे मला चक्क "नमस्कार" म्हणाले.

परत आल्यापासून डोक्यात हेच आहे. सोलापुरात असं काही सुरू करता येईल का? स्पर्धा नको, स्नेहसंमेलन नको, ड्रेस नको. आठवड्यातून एकदा जमायचं, जुने नाच शिकायचे, चहा प्यायचा, घरी जायचं. नाच कुठले घ्यावेत, जागा कुठली, आणि मुख्य म्हणजे पुरुष येतील का?

शेंगाचटणी
पहिला! म्हणजे धाग्यावर पहिला. नाचायला नाही.

सातरस्ता
मावशी, काय म्हणुलालाव ओ! आपल्यात पुरुष नाचतो ते वर्षातनं एकदाच, ते बी डॉल्बीपुढं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला काय आठवत नसतंय. हात धरून रांगेत चालायला सांगितलं तर पळून जातंय की. जागा मिळंल बगा, कार्यालयं ओस पडल्यात लग्नसराई सोडून. आणि एक सांगतो, पाण्याच्या दिवशी क्लास ठिवू नका. नळ सोडून एक बाई यायची नाही.

मधुमालती
पाण्याच्या दिवसाला जोरदार +१ 😄
सुईदोरा, मी येणार. सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावलाय.

तिरपागडा
कल्पना छान, पण गोऱ्यांचे नाच कशाला? दीडशे वर्षं त्यांच्या तालावर नाचलो तेवढं पुरे नाही का? तेही सोलापुरात? १९३० साली मार्शल लॉ सोसलेल्या गावात? आपल्याकडे काय कमी आहे? आपले ऐतिहासिक नाच शिका की.

शेंगाचटणी
तिरपागडा, कुठले ते सांगा. नाव, साल, पावलं. यादी द्या, लगेच शिकतो.
(आज मी धाग्यावर उगाच भांडायला बसलोय. बायको माहेरी.)

किल्ल्यावरचा कावळा
यादीचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, म्हणून जरा लांब लिहितोय.

आपल्याकडे नाचाबद्दल लिहिलेलं भरपूर आहे. लांब कशाला, उमरग्याच्या पुढं सीमा ओलांडली की बसवकल्याण. तिथल्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वरानं ११३०च्या आसपास 'मानसोल्लास' लिहिला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये नृत्याचा वेगळा भाग आहे. म्हणजे आपल्या सोलापूरचे सिद्धरामेश्वर आणि हा ग्रंथ एकाच शतकातले. पुढं तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडं शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्याचा सातवा अध्याय नृत्याचाच. त्याच शतकात, १२५३-५४ साली, काकतीयांचा गजदळाचा सेनापती जायप यानं 'नृत्तरत्नावली' लिहिली आणि तीत देशी, म्हणजे लोकांतल्या नाचांनाही जागा दिली. हत्ती सांभाळणारा माणूस नाचावर ग्रंथ लिहितो, हे मला फार आवडतं.

पण हे ग्रंथ वाचून उद्या संध्याकाळी नाचता येत नाही. हाताच्या मुद्रा, पायाच्या गती, नजर, सगळं सांगितलंय. आठ मात्रांत कोण कुठून कुठं जातो ते बहुतेक हाती लागत नाही. प्लेफोर्डचं उलट आहे. पावलाबद्दल तो जवळजवळ बोलतच नाही, पण कोणी कुठं जायचं ते चालीच्या तुकड्यानिशी देतो. स्वयंपाकाच्या पुस्तकात 'फोडणी करा' एवढंच लिहावं तसं. फोडणी वाचणाऱ्याला येतेच, हे त्यानं धरलेलं.

आणि म्हणूनच त्यांचेही नाच 'अस्सल १६५१चे' नाहीत. मधल्या काळात बरेचसे विस्मरणात गेले होते. सेसिल शार्प नावाच्या गृहस्थानं १९११ साली ते पुन्हा नाचता येतील असे मांडून छापले. पुस्तकात जागोजागी दोघांनी 'बाजू' करायची असं आहे. म्हणजे नक्की काय, हे शार्पनं स्वतःच्या अंदाजानं ठरवलं. पुढच्या अभ्यासकांनी सांगितलं, अंदाज चुकला, खांद्याला खांदा येईपर्यंत पुढं जायचं आणि मागं यायचं एवढंच. आज क्लबात दोन्ही तऱ्हा चालतात, सांगणाऱ्याला आधी विचारून घ्यावं लागतं.

आपल्याकडे हेच पेरिणी या तेलंगणातल्या जुन्या नृत्याचं झालं. नटराज रामकृष्ण यांनी विसाव्या शतकात जायपाचा ग्रंथ आणि रामप्पा मंदिरावरची शिल्पं समोर ठेवून ते नृत्य पुन्हा उभं केलं. शिल्प म्हणजे एक थांबलेला क्षण. दोन शिल्पांच्या मधलं सगळं त्यांना जोडावं लागलं.

तेव्हा तिरपागडा, अस्सल कुठंच मिळत नाही. कोणीतरी विचारपूर्वक जोडलेलं मिळतं.

तिरपागडा
कावळेबुवा, दंडवत. पण माझा मुद्दा तसाच आहे. जोडायचंच तर आपलं जोडा.

पद्मा अशोकचौक
'जोडायचं' कशाला, जे चालू आहे ते बघा ना. आमच्या तेलुगू घरांत भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस बतुकम्मा असते. ताटात कुरडू, तरवड, झेंडू अशी फुलं थरावर थर रचून उतरंड करायची, ती मध्ये ठेवायची आणि सगळ्या बायकांनी भोवती टाळ्या देत फिरायचं. एक जण ओळ म्हणते, बाकीच्या 'उय्यालो' म्हणतात. उय्यालो म्हणजे झोका. माझी आजी विड्या वळायची, दिवसभर बसून पाठ धरलेली असायची. पण त्या नऊ दिवसांत तिला कोणी 'बस आता' म्हणालं की चिडायची.

बाजूच्या मराठी वाड्यात त्याच सुमारास भोंडला. त्यांचा पाटावरचा हत्ती, आमची फुलं. लहानपणी मी दोन्हीकडे फिरायचे आणि दोन्हीकडची खिरापत खायचे. पाऊल सारखंच पडतं. फक्त आमच्यात वाकून टाळी जास्त.

शेंगाचटणी
पद्माताई, खिरापतीचा मुद्दा मूळ लेखात सुटला होता. आता मी येण्याचा विचार करतोय.

डॉ. गुडघे
हाडांचा डॉक्टर म्हणून दोन शब्द. चालीचे नाच उत्तम, चाळिशीनंतर तर फारच. उड्यांचे नाच सांभाळून. युरोपात सोळाव्या शतकात गॅलियार्ड नावाचा उड्यांचा नाच होता, तो कोणी शोधून काढलाच तर माझा नंबर जवळ ठेवा. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून नाचू नका. बस फुगडीबद्दल मी काही बोलणार नाही, श्रावणात माझा दवाखाना तिच्यावरच चालतो.

हलगीवाला
लेझीम कोणी काढली नाही अजून? सोलापूरच्या धाग्यावर?

आमचं मंडळ गणपतीच्या आधी महिनाभर रोज रात्री सराव करतं. चार आवाज, आठ आवाज, दहा आवाज, मग पवित्रे. शब्द मुळात फारसी. व्यायामाच्या धनुष्याला दोरीऐवजी साखळी लावलेली असायची, ती ओढायची ताकदीसाठी. त्या अर्थानं आम्ही तालमीतला व्यायामच रस्त्यावर नाचतो. आणि सुईदोराताईंनी लिहिलंय ना, रांगेत घर सरकायचं, शेजाऱ्याचं बघून वळायचं? आम्ही वेगळं काय करतो? चाळीस पोरं, त्यात इंजिनिअर, हमाल, दोन नगरसेवकांची पोरं, आणि हलगी घुमली की सगळे सारखेच घामेजतात.

फरक एकच. आमच्याकडे बक्षीस असतं. बक्षीस आलं की भांडण आलं. मागं एका वर्षी निकालावरून दोन मंडळांची अशी जुंपली की सहा महिने एकमेकांच्या हद्दीत चहा प्यायला बंदी. बक्षीस नसलेला नाच मी अजून पाहिलेलाच नाही.

मधुमालती
कुकर उतरला, जेवणं झाली, आता लिहिते. हलगीवाल्यांनी नेमकं दुखतं तिथं बोट ठेवलंय.

मी बार्शीच्या आजीकडून मंगळागौर शिकले. रात्रभर जागायचं, त्यात कोणी झिम्मा, कोणी आगोटा-पागोटा, कोणी सूप घेऊन, दमलं की आडवं व्हायचं, पुन्हा उठायचं. नऊवारी सुटायला आली की खोचायची. ओटीवर पुरुषांना मज्जाव, त्यामुळं कोणाला कसं दिसतंय याची फिकीरच नसायची. पाहुणी आलेली सून अबोल असली तर आजी तिला मुद्दाम पिंग्यात ओढायची. दोन सवतींचं भांडण तिच्या तोंडी दिलं की ती असली फडाफडा बोलायची की सासू बघतच राहायची!

आता मी एका ग्रुपमध्ये आहे. एका रंगाच्या बारा नऊवारी, सारख्या नथा, पन्नास मिनिटांचा कार्यक्रम, सुपारी घेऊन. मागच्या वर्षी एका स्पर्धेत परीक्षकांनी माझे गुण कापले. का, तर फुगडी घालताना मी हसत होते आणि माझा चेहरा प्रेक्षकांकडे नव्हता. अहो, फुगडीत चेहरा समोरच्या बाईकडेच असणार ना? तिचा हात सुटला तर मी कोणाला धरू, परीक्षकांना?

म्हणून मला सुईदोराचा हॉल हवा आहे. नाच इंग्रजी असोत नाहीतर झुलू.

शेंगाचटणी
"परीक्षकांना धरू?" 😂😂 दोनदा वाचलं.

मोडनिंबकर
पहिल्यांदाच लिहितोय. सगळे हसताहेत, मी थोडा बेसूर लावतो.

पुरुष का येत नाहीत, चारचौघांतल्या बायका लग्नाच्या वरातीपलीकडं का नाचत नाहीत, हा प्रश्न विचारताना आमच्या गावाकडं बघा. हायवेला कलाकेंद्रं आहेत. मी लहान असताना तिथल्या मुली आमच्या शाळेत होत्या. त्यांच्या आया नाचणाऱ्या म्हणून आमच्या घरी त्यांना स्वयंपाकघरात येऊ देत नसत. आमच्यात नाच ही पैसे देऊन बघायची गोष्ट. जो बघतो तो इभ्रतदार, जी नाचते ती नाही. इंग्लंडात त्या हॉलमध्ये बघणारा आणि नाचणारा एकच होता, ते सुईदोरा यांना नवल वाटलं. ते नवल का वाटलं, याचं उत्तर नाचाच्या पुस्तकात नाही.

सुईदोरा
मोडनिंबकर, बेसूर नाही लागला. लिहीत राहा.

आजोळ सांगोला
अहो मंडळी, बघणारा आणि नाचणारा एकच, बक्षीस नाही, परीक्षक नाही, म्हातारी-तरणी, बाई-पुरुष सगळे, चालीचा नाच, चुकलं तर शेजारचा वळवतो. हे तुम्ही ब्रिस्टलला शोधताय आणि दर आषाढात ते आपल्याच जिल्ह्यातून चालत जातंय.

वारीतली पावली! टाळ छातीशी, एक पाऊल पुढं, एक मागं, वळण, बसकण, पुन्हा उठून. दोन रांगा समोरासमोर. पुरंदवड्याला, खुडूसला रिंगण झालं, घोडा पळून गेला की पुढं काय सुरू होतं बघितलंय का कोणी? फुगड्या. सत्तरीचा माळकरी आणि कॉलेजातली पोरगी फुगडी घालतात आणि कोणाच्या इभ्रतीला काही होत नाही. वाखरीला मी स्वतः एका फौजदारसाहेबांना फुगडी घालताना बघितलंय, टोपी काखेत मारून.

शिवाय आमच्याकडचं धनगरी गजी. ढोल, छत्री, हातात रुमाल, गोलात पुरुषच पुरुष. पुरुष नाचत नाहीत म्हणणाऱ्यांनी सांगोल्याला यावं. राहायची सोय आमच्या वस्तीवर, डाळिंबं फुकट.

किल्ल्यावरचा कावळा
आजोळ सांगोला, पावलीबद्दल सपशेल मान्य. मी इतकी पोथ्यांची नावं लिहिली आणि शाळेत असताना वारीत शिकलेली पावली मलाच आठवली नाही.

तिरपागडा
हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय!

शेंगाचटणी
तुम्ही 'गोरे नकोत' म्हणत होता. हे वेगळं.

सुईदोरा
सगळं वाचतेय. पावलीचं वाचून अंगावर काटा आला. पण एक शंका, रागावू नका. वारीत माणूस विठोबासाठी नाचतो. त्याला 'छंद' म्हणून हॉलमध्ये आणलं तर माळकरी मंडळींना खटकेल का?

आजोळ सांगोला
माझ्या चुलत्यांना विचारलं (तीस वाऱ्या). म्हणाले, "शिकायला या म्हणावं. नाचता नाचता नाव तोंडात आलं तर आलं, नाही आलं तर पाय तरी मोकळे होतील."

शेंगाचटणी
अवांतर: त्या १६५१च्या पुस्तकातल्या नाचांची नावं काय असतात?

किल्ल्यावरचा कावळा
मजेशीर. एक आहे 'गॅदरिंग पीसकॉड्स', म्हणजे वाटाण्याच्या शेंगा गोळा करणे. गोलाचा नाच आहे. आधी पुरुष आत जाऊन फेर धरतात, मग बायका, नंतर आळीपाळीनं आत धावत जाऊन टाळी द्यायची. पद्माताईंना पाच मिनिटांत येईल. त्याहून जुना हवा तर १५८९ साली फ्रान्समध्ये आर्बो या टोपणनावानं एका पाद्र्यानं गुरुशिष्यांच्या संवादातून नाच लिहिलेत. त्यात परटिणींचा नाच आहे. कपडे आपटल्यासारख्या टाळ्या वाजवायच्या आणि बायकांनी पुरुषांना बोट नाचवून दटावायचं.

शेंगाचटणी
शेंगांचा नाच! सोलापूरकरांसाठीच लिहिलाय. मी येतोय. दटावणं घरी होतंच, त्याचा सराव नको.

सातरस्ता
आता हे येणार म्हणजे मला बी यावं लागतंय. एकटं सोडलं तर शेंगा खाऊन यील नुसता.

सुईदोरा
(तीन आठवड्यांनी)

वृत्तांत द्यायचा राहिला होता.

हॉल परवडेना, म्हणून आमच्याच गच्चीवर जमलो. दिवसभर तापलेली फरशी, दोन बादल्या पाणी मारलं तेव्हा कुठे पाय ठेवता आला. अकरा जण आले. नऊ बायका आणि दोन पुरुष, आमचे हे आणि हलगीवाला. शेंगाचटणी आणि सातरस्ता आले नाहीत, नोंद घेतली आहे.

लेकीनं पाठवलेली व्हायोलिनची चाल मोबाईलवर लावली, ती कोणालाच ऐकू येईना. मग हलगीवाल्यानं गच्चीवरच्या पत्र्यावर बोटांनी ताल धरला. ती चाल आपल्या ठेक्यात चपखल बसते. शेंगांचा नाच पद्मानं खरंच पाच मिनिटांत उचलला आणि सगळ्यांना शिकवला, मधल्या टाळीला वाकून. तशी वाकायची पद्धत इंग्लंडात नाही, पण आता सोलापुरात आहे.

लांब रांगेचा नाच मात्र पार कोसळला. अकरा जण म्हणजे एक माणूस बिनजोडीचा. त्यात मी सांगणार 'खाली सरका', आणि मधुमालती प्रत्येक वेळी झिम्म्याच्या सवयीनं उजवीकडं. तिसऱ्या फेरीला दोन रांगांच्या तीन झाल्या. शेवटी जो बिनजोडीचा त्यानं रांगेच्या टोकाला उभं राहून चहा ढवळायचा असं ठरवलं, आणि ती जागा इतकी आवडती झाली की तिच्यासाठी भांडणं लागली.

त्यानंतर पावली. आजोळ सांगोला यांचे चुलते येऊ शकले नाहीत, पण कावळ्यानं पावलांचा व्हिडिओ पाठवला होता. ती आमच्या ह्यांनी शिकवली. मला माहीतच नव्हतं ह्यांना येते म्हणून! पंढरपूरला मामाकडे असताना शिकले होते म्हणे, दहाव्या वर्षी. चौतीस वर्षं बोलले नाहीत. मी विचारलं का, तर म्हणाले, कोणी विचारलं नाही.

शेजारच्या काकूंना सत्संग वाटला, त्या प्रसादाची वाटी घेऊन आल्या. त्यांनाही रांगेत घेतलं. आता बारा झालो, सहा जोड्या.

मधुमालती
उजवीकडं जाणं ही माझी चूक नाही, आजीची आहे.

हलगीवाला
पुढच्या वेळी हलगी आणतो. पत्र्यानं बोटं सोलली.

डॉ. गुडघे
बोटांचं हाडवैद्यकात येत नाही. हळद लावा.

सातरस्ता
मावशी, खरंच येणार होतो. निघताना नळ आला ओ! पुढचा वार कुठला?

सुईदोरा
शनिवार. तुमच्या भागातलं पाणी कधी ते आधी विचारून घेतलंय, शुक्रवारी आहे. शेंगाचटणीलाही घेऊन या, आणि येताना जोडीची चटणी आणा, नाहीतर चहा ढवळायला उभं करीन.